मोजणी

सीनेच्या अलीकडचा हा रणाचा माळ.
कुणाचं रण, विचाराल तर
एक जण म्हणतो गाईंसाठी झालं, एक म्हणतो पाण्यासाठी.
तिसरा तंबाखू मळत राहतो.

मला खात्यानं दिलंय : वही, ब्रश,
पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा
आणि रोजचे चारशे ऐंशी रुपये.
वीरगळ दिसला की नंबर टाकायचा.

एक नंबर बाभळीखाली.
तळाशी आडवा पडलेला माणूस, त्याच्या डोक्याशी गाई.
मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला काखेत धरून नेतात,
सिव्हिलच्या पायऱ्या चढवतात तशा.
वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच,
अंगावर ओरखडासुद्धा नाही.
शेंड्याला चंद्र, सूर्य :
ते असतील तोवर ह्याचं नाव राहील.
नाव तेवढं कोरलेलं नाही.

सात नंबर ओढ्यावर पालथा.
तोंड चिखलात, पाठीवर गावाचं धुणं.
बारा नंबर गोठ्यात. गाई सोडवायला गेलेला,
आता त्यालाच म्हैस बांधतात.
एकोणिसावर शेंदूर इतका, की
माणूस होता की मारुती, नखानं खरवडलं तरी कळेना.

सव्विसावर नुसता एक हात, कोपरात वाकलेला,
बांगड्या शाबूत.
हिला मोजायचं का, विचारायला फोन लावला.
रेंज नव्हती.
मोजली.

एकतिसाव्याच्या मुठीला सहा बोटं.
मी हसलो, मग बसलोच तिथं.
माझे वडील रात्रपाळीला मागावर डुलकी घ्यायचे
तेव्हा चादरीवरच्या मोराला पाय विणायचे राहत.
ह्या पाथरवटालाही उजाडायच्या आत
पुष्कळ दगड संपवायचे असतील.

शेवटचा चन्नव्वा हत्तुरेच्या बांधावर.
झिजून चेहरा नाही, ढाल नाही, काही नाही.
पण अंगाला ताजा चुना, पुढं तांब्या,
कडक भाकरीचा चतकोर, वर शेंगाची चटणी.
ब्रश बुडवला तशी ती ज्वारीतून आली.

"काय लिवलालास रे त्येच्यावर?"
"नंबर, आजी. सरकारी."
"नगो."
खुरप्याची माती तिनं पदराला पुसली.
"माझ्या मल्लूची पेटी आली तवा
पेटीवर नंबर हुता.
उघडू दिली न्हाई.
नंबर बघून म्हनले, त्योच हाय."

वारा ज्वारीत शिरला आणि बराच वेळ तिथंच राहिला.
मी डब्याचं झाकण टाचेनं दाबून बसवलं.
तिनं दगडापुढचा चतकोर उचलून
निम्मा माझ्या हातावर ठेवला.
तिखट होता.

संध्याकाळी एस.टी.त नखांतला पांढरा रंग
काढत बसलो सोलापूर येईपर्यंत.

साहेबांनी वही चाळली.
गावच्या कागदाशी ताडून पाहिली,
बोटानं पुन्हा मोजली.
म्हणाले, एक कमी आहे.

हो, म्हणालो.