'आणि'ची चौकट

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.
सप्टेंबरातल्या निवडणीच्या दिवशी
ब्यार्टमारच्या एडक्यानं मला
मेंढवाड्याच्या फळकुटाशी चेपलं, तेव्हापासून.
बाहेर डोकावतात फक्त दोन बोटांची टोकं.
माउस धरता येत नाही,
म्हणून इल्लुगीनं तो उचलून खिडकीत ठेवला,
वर स्वतःची लोकरी टोपी.

"आता कळांवरच चालायचं, स्टाइनव्होर."
वय एकोणीस, शिकवतो पंतोजीसारखा.

ऑल्ट. सोड. एच. सोड. बी. सोड. मग ए.
एकदम नाही दाबायच्या. एकामागून एक,
अरुंद फाटकातून मेंढ्या सोडतात तशा.
आणि पडद्यावर अख्खा वाडा उभा राहतो,
सव्वीस शेतांची सव्वीस घरं,
पुढं कानखुणा, पुढं आकडे.
नदीकाठचा दगडी वाडा गोल आहे, चाकासारखा,
हा चौकोनी. मेंढ्यांना फरक पडत नाही.

बेरजेखाली दुहेरी रेघ: तेच सगळं, शेवटी पुन्हा बी.
माझी आई हीच रेघ पट्टीनं मारायची
जिभेचं टोक दातांत धरून,
तरी दुसरी रेघ पहिलीपासून
उजवीकडे जराशी फटकून जायची.
चौतीस वह्यांत एकदाही जुळली नाही.

एकट्या चौकटीची कळ वेगळी.
कंट्रोल, शिफ्ट, आणि ते दोरीच्या गाठीसारखं चिन्ह,
ज्याचा अर्थ नुसता 'आणि'.
जोडायच्या अक्षरानं कुंपण घालायचं!
पुसायचं, तर त्याच दोन कळा
आणि खालची आडवी रेघ.
म्हणजे रेघेनंच रेघ पुसायची.
इल्लुगी म्हणतो, कुणीतरी घाईत ठरवलं असेल.

ब्यार्टमारनं यंदा कळप विकला.
गुडघे, म्हणाला.
गुडघ्यांबद्दल कुणी पुढं विचारलं नाही.
बाक्कीची ओळ काढून टाका, असं वरून पत्र आलं.
चौकट घालायला माझा डावा हात पुरतो,
पुसायची कळ मात्र पार उजव्या टोकाला,
तिथं प्लास्टरमधलं बोटच न्यावं लागतं.
यात काही शिकवण नाही,
कीबोर्डची ठेवणच तशी आहे.
मंगळवारी पुसली. दुखलं.

गुरुवारी डोंगरावरून उशिराचे शोधकरी उतरले,
दाढ्यांत बर्फ, ट्रेलरमध्ये एक मेंढी.
डाव्या कानाला मागून अर्धचंद्र,
उजव्याचं टोक चिरलेलं. बाक्कीची खूण.
"हिला कुठं टाकू?" इल्लुगीनं विचारलं,
पडद्याकडे बघत की ट्रेलरकडे, कळलं नाही.

ब्यार्टमारला फोन लावला.
बराच वेळ त्याच्याकडचा रेडिओच ऐकू आला.
"रंग?"
"करडी. डोकं काळं."
"हेट्टा. तिला दर वर्षी उशीर होतो."
पुन्हा रेडिओ.
"कॉफी टाक, येतोय मी.
तिला बांधू नकोस, ती दोर चावते."

कॉफी इल्लुगीनं टाकली.
मी बाण दाबत खाली गेले,
सव्वीसच्या, म्हणजे आता पंचवीसच्या खाली,
बेरजेच्या खाली, दुहेरी रेघेच्याही पल्याड,
जिथं काहीच नसतं,
तिथल्या एका कोऱ्या घरात लिहिलं: १.
मग डाव्या हातानं
कंट्रोल, शिफ्ट,
आणि