कुरकुर

नॅशव्हिलमध्ये त्या मार्चात गारठा हटत नव्हता.
हीटर आवाज करतो म्हणून बंद,
आणि डेलिन टॅकेट (तेव्हा तिला कुत्रंही ओळखत नव्हतं)
अंगात कोट, पायांत दोन-दोन मोजे घालून
काचेपलीकडे नव्हे, माझ्यासमोर सहा फुटांवर उभी.
"हॉयटचे हात दिसले पाहिजेत," म्हणाली,
"नाहीतर श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही."

मी बत्तीस वर्षं पेडल स्टील वाजवतोय.
मांडीपुढे आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी,
गुडघ्यांना वेगळं काम, पावलांना वेगळं.
व्हर्ना म्हणते, लांबून बघितलं तर
माणूस शिवणयंत्रावर बसून रडतोय असं वाटतं.
आवाजही तसाच आहे म्हणा.

तिसरं गाणं तिच्या बापाचं.
कोंबड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
तो पहाटे घरी यायचा, बूट ओट्यावर काढायचा
आणि दार करकरतं, पोरी उठतील,
म्हणून खिडकीतून आत यायचा.
एवढंच गाणं.
एवढा मोठा गडी, खिडकीत अडकलेला.

सतरा वेळा गायली.
अठराव्यांदा 'खिडकी'वर तिचा आवाज चिरला
आणि मी पुढे झुकलो,
वाजवायला नव्हे;
पोर अडखळलं की आपण अर्धवट उठतो ना, तसा.
बुडाखालचं स्टूल कुरकुरलं.
तिनं डोळे उघडले नाहीत.
गाणं पुढे गेलं.
वेन्डलनं काचेमागून दोन्ही हात वर केले: झालं. हेच.

ऑगस्टात लॉस एंजेलिसहून पांढऱ्या बुटांचा एक माणूस आला.
त्यानं दहाही गाण्यांतून स्टील काढून टाकलं.
फार गावाकडचं वाटतं म्हणे.
माझ्या जागी टाळ्या, कीबोर्ड, यंत्राचा ठोका.
वेन्डलचा फोन आला, तो बराच वेळ हवापाण्यावरच बोलला.
पैसे पूर्ण मिळाले. खोटं कशाला बोलू,
त्यातून आमचं छप्पर नवं झालं.

मग तो अल्बम निघाला आणि आभाळाला टेकला.
पेट्रोल पंपावर तीच, दाताच्या डॉक्टरकडे तीच,
नातीच्या खोलीत भिंतभर तीच, मोज्यांशिवाय.
चाळीस लाख प्रती.
आणि एका मासिकात कुणी शहाण्यानं लिहिलं:
'खिडकी' शब्दामागून ऐकू येणारी
ती जुन्या दाराची करकर
म्हणजे या अल्बमचं काळीज.

मी ते व्हर्नाला दोनदा वाचून दाखवलं.
माझा अँप दुसऱ्या खोलीत होता,
म्हणून माझी गिटार वेगळ्या पट्टीवर, पुसायला सोपी.
बूड मात्र तिच्या खोलीत.
ते तिच्या श्वासातच मुरलेलं.
पांढऱ्या बुटांनी घासलं असेल, खरवडलं असेल;
निघालं नाही.

टीव्हीवर तिला दाराबद्दल विचारलं.
ती क्षणभर थांबली.
"दारच आहे ते," म्हणाली.

मला राग आला का?
आला. गुरुवारी हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी वाजवताना
आला, आणि कुठल्यातरी संथ वाल्ट्झमध्ये विरला.
व्हर्ना विचारते, "तुझी काहीच कुरकुर नाही?"
"आहे ना," म्हणतो. "चाळीस लाख घरांत आहे."
ती हसत नाही. तेलाची बुधली पुढे करते.
मी ती फळीवर परत ठेवतो.

नाताळच्या आधी फोन वाजला, मध्यरात्र उलटून गेलेली.
कुठल्यातरी हॉटेलातून, आवाज पार बसलेला.
"हॉयट, ते स्टूल आहे अजून?"
"आहे."
"जरा हलव ना."

मी अंधारात, लोकरी पायजम्यात,
जाऊन बसलो त्यावर, फोन मांडीशी धरला
आणि पुढे झुकलो.

पलीकडे तिनं श्वास घेतला.