इतर

अकरा वर्षं माझा आवाज सांगली स्टँडवर राहायला होता.
विटा, तासगाव, कवठेमहांकाळ,
फलाट क्रमांक सात, प्रवाशांनी कृपया.
मग मशीन आलं.
आवाजाला निरोपाचा नारळ कोण देतं?

डॉक्टर मगदूमांनी शोधून काढलं मला.
दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली, पंखा बंद,
खिडकीला दोन गाद्या टेकवलेल्या,
तरी यार्डातली हळद यायचीच घशाशी.
"पोरांसाठी आहे," म्हणाले, "चौदा ते अठरा.
कॉम्प्युटरसमोर एकटी बसतील, कानाला हेडफोन.
माणसाला खोटं सांगतात हो.
तुम्ही फक्त वाचा. दया नको. धाक नको.
आणि गाडी सुटल्यासारखं तर अजिबात नको."

कागदावर होतं : मद्यार्कयुक्त पेय.
म्हटलं, दारू म्हणा.
भांगवर्गीय पदार्थ.
गांजा, डॉक्टर. इथं गांजाच म्हणतात.
'तू' की 'तुम्ही' यात अर्धा दिवस गेला.
तू म्हटलं की मागं कुणीतरी छडी घेऊन उभं राहायचं,
तुम्ही म्हटलं की बँकेत आल्यासारखं.
शेवटी तुम्ही ठेवलं.

गेल्या तीस दिवसांत तुम्ही किती दिवस दारू घेतलीत?
शून्य. एक ते दोन. तीन ते नऊ.
प्रत्येक आकड्यानंतर मी एक श्वास थांबायची.
श्वास नंतर कापून टाकतात, हे मागाहून कळलं.
मित्रानं चिलीम पुढं केली तर तुम्ही काय म्हणाल?
शाब्बास हा शब्द सतरा वेळा वाचून घेतला माझ्याकडून.
त्यातला कुठला लावला, ठाऊक नाही.

मार्च असेल. भडंगच्या दुकानात
"पाव किलो, लसूण जास्त" म्हटलं,
आणि शेजारचं पोरगं गर्रकन वळलं.
"मॅडम, तुमी त्या कॉम्प्युटरमधल्या न्हवं?"
दुकानदाराचा तराजू थांबला.
"स्टँडवर होते मी," मोठ्यानं म्हणाले,
"तिथं ऐकलं असशील."

आयर्विन पुलापर्यंत सायकल ढकलत आला.
नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
"मला कुनी तुमी म्हनत न्हाई," म्हणाला.
"तेवढ्यासाठी दुसऱ्यांदा गेलो."
खाली कृष्णा, उन्हाळ्यातली, काठाला चिखल सोडून बसलेली.
"पन त्यात एक न्हाई.
आठवा प्रश्न. कशासाठी घेता?
ताण. दोस्तांचा आग्रह. झोप येत नाही.
घरातली भांडणं. कंटाळा. इतर.
मी इतर दाबलं.
इतर दाबलं की तुमी धन्यवाद म्हनता आनि फुडं जाता."

माझाच धन्यवाद. मला आठवला तो, साखर घातलेला.

"काय हवं होतं त्यात?"
कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिला.
"करमत न्हाई.
क्लास सुटला, करमत न्हाई. जेवलो, करमत न्हाई.
ओढल्यावर बी करमत न्हाईच ओ,
पन ते कळत न्हाई."

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, कंटाळा आहे ना त्यात.
म्हटलं, कंटाळा कशाचा तरी येतो,
त्याच्याकडं बोट दाखवता येतं.
हे तसं नाही. लग्नघरातसुद्धा करमत नाही माणसाला.
त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.
निधी आला की, पुढच्या आवृत्तीत.

रात्री पंखा बंद केला, मोबाईल तोंडाशी धरला.
करमत नाही.
पहिल्यांदा फलाट क्रमांक सात झाला त्याचा.
दुसऱ्यांदा बाईची कीव.
तिसऱ्यांदा खोकला आला, हळदीचा.
मोबाईल मिटला, आणि अंधारात
कुणाला ऐकवायचं नसताना
बरोबर निघालं तोंडातून.

ते पोरगं तिसऱ्यांदा गेलं का?
सांगायचं नाही, असा नियम आहे.
आणि मला माहीतही नाही.