इथून दक्षिणेला

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून
कॅनडा दक्षिणेला दिसतो.
नाशिकचा भाचा अजून हसतो, मावशी, काहीतरीच!
पण डेट्रॉईट असंच आहे.
नदी इथे जरा वाकडी वळते
आणि वरचा देश खाली येऊन बसतो.

आज त्यांचं बजेट.
रेडिओला पासपोर्ट लागत नाही,
कणीक मळता मळता ऐकतेय:
अर्थमंत्र्यांनी रिवाजाप्रमाणे नवे बूट घातलेत
आणि तूट इतके इतके अब्ज.
आकडा परातीतल्या कोरड्या पिठात
बोटाने लिहून पाहिला,
शून्यं मावेनात.

तूट.
काय शब्द आहे आपला!
बांगडी तुटते, दोरा तुटतो, बोलणं तुटतं,
सरकारच्या वहीत मात्र तूट वाढते.
तुटलेलं काही वाढताना
मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

सव्वापाचला विंडसरहून फोन. प्रल्हादभावोजी.
"ऐकलंस? ऋण काढून सण!
नातवंडांच्या नावावर यांची दिवाळी!"
भावोजी निळ्यांचे, म्हणजे तिकडच्या निळ्यांचे.
नदी ओलांडली की रंग उलटतात,
दर निवडणुकीला मी एकदा तरी
चुकीच्या माणसाचं अभिनंदन करते.
मागून रेवा ओरडते, ती नारिंगी:
"बाबा, तुमच्या नातवाचं पाळणाघर
दहा डॉलरांत कसं चालतं, तेही सांगा मावशीला!
आणि तुमचा गुडघा?"
गुडघा अकरा महिने रांगेत आहे.
"रांग आहे म्हणूनच विचारतोय ना, पैसा जातो कुठे!"
शरयू म्हणते, भांडा, पण पोळ्या गार होतायत.
ती कोणाला मत देते
हे चाळीस वर्षांत कोणाला कळलेलं नाही.

"तू बोल," भावोजी म्हणाले, "तू तर हिशेबातली."

हिशेबातली खरी.
बावीस वर्षं या शहराच्या पगारखात्यात.
शहराचं दिवाळं निघालं तेव्हा
कोणाच्या पेन्शनमधून किती कापायचे
ती यादी माझ्या टेबलावरून गेली.
लॉरेटा ग्रीव्ह्ज, पाणीखातं.
कॉर्नेलियस पॅट, बस क्रमांक सोळा,
मला थांब्याच्या पुढे, दारातच उतरवायचा.
चौथ्या पानावर मी.
आणि त्याआधी वर्षानुवर्षं
'पुढल्या साली भरून काढू' असे कागद
फाइलला लावणारी, तीही मीच.
दोन हिवाळे आमच्या गल्लीत दिवे नव्हते.
लोक मोबाइलच्या उजेडात कुलूप चाचपायचे,
समोर विंडसर झगमगत असायचं.

वजाबाकी शिकवताना जोगळेकरबाई म्हणायच्या,
पुरत नसेल तर शेजारच्या घरातून दशक आणा.
त्याच्याकडे शून्य असेल तर
त्याच्या शेजाऱ्याकडे जा.
परत कधी द्यायचा,
हे बाईंनी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही. उत्तर बरोबर येत होतं.

हे सगळं फोनवर कसं सांगणार?
म्हटलं, "भावोजी, माझं तिथे मत नाही."
"अगं, मतदान नाही विचारत. मत विचारतोय."
दोन्हीला आपला एकच शब्द.
त्याच्या आडोशाला मी जरा वेळ उभी राहिले.
पलीकडे चमचा पडल्याचा आवाज.

"गुडघ्याची तारीख आली की कळवा," म्हटलं,
"बोगद्यातून येईन. आमटीचा डबा आणेन."
"म्हणजे उत्तर नाही द्यायचं," भावोजी म्हणाले,
पण हसले असावेत.

कणीक झाकून ठेवली. आकडा तिच्यात मळला गेला होता.
खिडकीत त्यांचे दिवे आधी लागले,
मग आमचे.
सवयीने मोजले.
कोपऱ्यावरचा एक अजून येत नाही.