कोपऱ्यातली बाई

माझी खिडकी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात,
पोस्टाच्या तिकिटाहून जराशी मोठी.
कपडे काळे, बाह्या मनगटापर्यंत, अंगठी नाही.
नखं कोरी. लाल तर नाहीच,
पिवळा, निळा, हिरवाही चालत नाही;
या दिवसांत तेरेझिनात
प्रत्येक रंगाला मालक असतो.

दुपारी एकला आणि रात्री साडेआठला
पक्ष येतात घराघरांत, न विचारता.
राजम्याचं पातेलं शिजत असतं
आणि ज्यांच्याकडे केबल नाही
त्यांना पळायला जागा नसते.

मोठ्या पक्षाला मिनिटं मिळतात.
तिथं ढगांतून ऊन उतरतं,
उमेदवार एका म्हातारीच्या हातची कॉफी पितो,
ड्रोनमधून पार्नाइबा नदीसुद्धा स्वच्छ दिसते.
माझे हात तेव्हा सावकाश चालतात,
शब्दाशब्दात दम घेतात.
व्हायोलिनं सुरू झाली की
मी ‘संगीत’ अशी खूण करते आणि थांबते.
बहिऱ्यांच्या घरात यापेक्षा जास्त काही पोचत नाही.
तिथं आश्वासन
नुसतं आश्वासनासारखं दिसतं.

लहान पक्षाला आठ सेकंद.
आठ सेकंदांत चार माणसं.
त्यातली एक दोना क्लेओनिसी, मासे विकणारी,
उसन्या कोटात, कॅमेऱ्याऐवजी दिव्याकडे बघत:
“मी क्लेओनिसी, आमच्या वस्तीत नळ...”
कापली.
नळ माझ्या हातात राहिला.
तोवर पुढचा आलाही, नुसता स्वतःचा आकडा ओरडत,
आणि मी पाच बोटांवर त्याचा आकडा घेतला,
ओल्या हातांनी घेतल्यासारखा.

बहिरे लोक प्रत्येकाला आपलं एक खुणेचं नाव देतात.
गव्हर्नर व्हायला निघालेल्या त्या गृहस्थाचं नाव:
दोन बोटं गळ्याशी, कॉलर सैल करणारा.
पक्षाचे दोघे येऊन भेटले, गोड बोलले,
काहीतरी भारदस्त करा म्हणाले, सूर्याचं वगैरे.
मी म्हटलं, साहेब,
नाव ठेवणं माझ्या हातात नाही.
नावं ठेवणं तर नाहीच.

घरी जोसिव्हान जागा असतो, माझा भाऊ.
वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बाह्यांना भोकं पडलेला,
जन्मापासून बहिरा.
मतदानाच्या आधीच्या गुरुवारी
त्यानं टीव्ही बंद केला आणि विचारलं, कुणाला देऊ?
मी हात वर केले. मला विचारू नकोस.
तो म्हणाला,
सोमवारी तूच सांगितलंस, तो चोर आहे.
बुधवारी तूच सांगितलंस, देवमाणूस आहे.
दोन्ही वेळा तुझा चेहरा खरा वाटला.
अरे, ती मी नव्हते, ते बोलत होते.
हात तुझे होते, तो म्हणाला.

यावर मला काही सुचलं नाही.
पंधरा वर्षं या हातांचं खाते मी.
ते टेबलावर ठेवले, शेजारी शेजारी,
तर दुसऱ्याच कुणाचे विसरून राहिल्यासारखे दिसले.

जरा वेळानं त्यानं विचारलं:
त्या बाईच्या नळाचं पुढं काय झालं?

रविवारी मतदान झालं. हिरवं बटण, छोटीशी शिट्टी,
जी जोसिव्हानला ऐकू येत नाही,
म्हणून तो पडद्यावर ‘समाप्त’ उमटेपर्यंत उभा राहतो.
कॉलर सैल करणारा निवडून आला.
स्टुडिओतल्या माझ्या खुर्चीवर
कुणीतरी केबलची वेटोळी ठेवली.

मंगळवारी मी मासळीबाजारात गेले.
क्लेओनिसी खवलं काढत होती, कोट नव्हता.
तिला किती मतं पडली ते मी विचारलं नाही.
ते वाक्य विचारलं.
तिनं वरही न बघता सांगितलं,
“आमच्या वस्तीत नळ आहे, पाणी नाही.
एवढंच होतं.”
आणि अर्धा किलोला थोडं वर घातलं.

घरी आले तेव्हा जोसिव्हान मोरीत भांडी घासत होता.
मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले
आणि ते वाक्य सांगितलं, शेवटपर्यंत.
तीन सेकंद लागले.
त्यानं मान हलवली,
वाहता नळ बंद केला
आणि मासे घ्यायला हात पुढं केला.