काना

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून, निंबाखाली
माझं टेबल. एकतीस वर्षं.
आधी मशीन होती, आता लॅपटॉप;
तापला की खाली ओला दुपट्टा घालतो.
मजकूर ठरलेला:
*मी, खाली सही करणार, वय अमुक, राहणार अमुक,
शपथेवर लिहून देतो की*

चेतना सहारे आली भर एप्रिलात, साडेबाराला.
नाव बदलायचं होतं. नाव सोपं असतं.
'लिंग' या शब्दाशी मी थांबलो,
आवाज खाली घेतला,
आजाराचं नाव विचारावं तसा.
"काय काय आहे तुमच्याकडे?" ती म्हणाली,
जशी वांगी निवडायला बसली.

तृतीयपंथी चालते, म्हटलं. इतर चालते.
पारलिंगी लिहिलं तर आतले साहेब
भिंग लावून पाहतात अन् परत पाठवतात.

"माह्या आजोबानं दीक्षा घेतली छप्पन्न साली,
ते मले माहीत आहे.
हा पंथ कोणता, भाऊ?
अन् तिसरी म्हणता,
तर मोजायले कोण बसलं होतं?"

जामठ्याच्या मैदानावर
ज्या शब्दाला पब्लिक उभी राहते,
तोच मेडिकल चौकात तिच्या पाठीवर बसतो.
हे तिनं नाही सांगितलं.
मी त्या चौकात चहा पितो.

"स्त्री लिहा," ती म्हणाली. "अन् वर, देते करा."

मला माय आठवली, काटोलकडची.
जन्मभर म्हणाली, मी येतो, मी जातो, मी करतो.
आमच्याकडे बायाही तसंच बोलत.
म्हटलं, एका अक्षरानं काय होते बाई,
माही माय तर...

"तुमच्या मायले
कोणी शपथपत्र मागतलं होतं काय?"

मी काना काढला.
तिनं कागद बोटानं वाचला, ओळ सोडून ओळ नाही,
सही केली, सुटे पैसे मोजून दिले.
आतल्या साहेबांनी काय केलं, मला कळलं नाही.

तिच्यामागे कळमेश्वरचे नत्थुजी खंडाते,
वारस दाखल्याचं काम.
घाईत मी तीच फाइल उघडली, फक्त नाव बदललं.
प्रिंट हातात घेताच बुढा ताडकन उठला:
"लिहून *देते*? मी काय बाई आहो?"
स्टूल पडला. पानवाला धावत आला.

एवढासा काना.
मी तो परत बसवला,
आणि बराच वेळ
दुसरं काही टाइप करता आलं नाही.