गरजेपेक्षा जाड

लाकडी ठोकळ्यांवर, पाण्याबाहेर,
पाहुण्यांत अवघडून उभी राहावी तशी
आमची होडी. ऱ्होड आयलंडचा मार्च, हाडांत शिरणारा.
सर्व्हेअर व्हिटकॉम बोटाएवढ्या हातोडीनं
तिचं पोट वाजवत चाललाय,
कलिंगड घेणाऱ्या बाईसारखा कान लावून.
टक्. टक्. टक्.
मागे गिऱ्हाईक: तरुण जोडपं, हातात कॉफी,
श्वाससुद्धा बेतानं घेणारं.

मी देओलिंदा फुर्तादो. विकणारी.
वडील, आन्सेल्मो, याच गावातल्या कारखान्यात
सहासष्टच्या हिवाळ्यात हिच्यावर कामाला होते.
काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं,
वर राळ, मग रोलर,
बुडबुडा दिसला की दाबून काढायचा,
पुन्हा कापड, पुन्हा राळ.
हातांची खाज रात्रभर. आई त्यांचे कपडे
वेगळ्या बादलीत धुवायची, आणि तरी
आमच्या उशांना तो गोडसर, उग्र वास.
माल नवा होता. किती थर पुरतील
हे इंजिनियरलाही छातीठोक सांगता येत नव्हतं.
"आणखी एक दे," म्हणायचा फोरमन.
वडील देत.
पुढे, पहिल्या मालकाला कंटाळा आल्यावर,
त्यांनीच ती घेतली. हप्त्यांवर.

व्हिटकॉम त्या दोघांना आकार समजावतोय:
नाळ बघा, पाण्यावर किती लांब झेपावते,
मागचं टोकही तसंच, वर उचललेलं.
शर्यतीचा नियम मोजायचा
होडी सरळ उभी असताना पाण्याला टेकते
तेवढीच लांबी. सत्तावीस फूट.
मग वारा भरतो, ती कलते,
दोन्ही टोकं पाण्यात उतरतात
आणि सत्तावीसची एकतीस होते.
जितकी लांब, तितकी वेगवान.
"म्हणजे फसवणूक?" मुलगी विचारते.
"छे. आकडेमोड."
वडील म्हणायचे, माणसंसुद्धा
कलल्याशिवाय पुरती मोजता येत नाहीत.
आई तेव्हा भांडी जरा जोरात घासायची.

आत या, डोकं सांभाळा.
शनिवारी शर्यत, रविवारी संसार:
इकडे शिडांच्या ओल्या पिशव्या, तिकडे स्टोव्ह,
सगळं तिरपं झालं तरी स्वतः सरळ झुलणारा.
टेबल खाली केलं की पलंग.
बर्फाची पेटी, जाहिरातीत तीन दिवसांची,
खरी एका दुपारची.
आणि मागची ती छोटी डोलकाठी,
तिचं शीड नियमात जवळपास फुकट मिळायचं, म्हणून.
पण रात्री नांगरावर
वाऱ्याकडे तोंड करून होडी गप्प झोपायची
ती त्याच शिडामुळे. हे नियमात नव्हतं.

डेकवर, मोठ्या डोलकाठीच्या पायाशी
आवाज बदलतो.
धप्.
"पाणी शिरलंय. दोन थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलंय.
कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून, वर्षानुवर्षं."
ते भोक माझं. एकोणीस वर्षांची होते,
कप अडकवायला कडी बसवली, लांबी न भरता.
सांगून टाकते.
मुलगा कॉफीचा घोट घेतो. पहिल्यांदाच.

मग व्हिटकॉम मागच्या बर्थखाली सरपटत जातो
आणि तिथूनच हाक मारतो, टॉर्च धरून.
राळेच्या आत, पिवळ्या काचेत अडकल्यासारख्या,
पेन्सिलीच्या उभ्या रेघा. थर मोजायच्या.
अकरा.
"आराखड्यात नऊ आहेत," तो म्हणतो.
वहीत लिहितो, मोठ्यानं वाचत,
जसा तो सगळंच वाचतो:
तळ गरजेपेक्षा जाड. दोष नाही.

मी किंमत उतरवते.
डेकची. तळाची नाही.